सॅम कुकच्या एका गीताचे दोन पाठ

१

एखाद्या ग्रंथाचे दोन पाठ उपलब्ध झाले म्हणजे त्यांतील भेदांची नोंद करावी, आणि त्या भेदांमुळे अर्थात काय पालट होतो हे तपासावे, हा पाठचिकित्सेचा पहिला नियम होय. पोथ्यांच्या अभ्यासात हा नियम आपल्याकडे चांगला रुळला आहे. ध्वनिमुद्रित गीताच्या बाबतीत मात्र तो क्वचितच पाळला जातो. तबकडीवर जे एकदा उमटले ते स्थिर झाले, त्यात पाठभेद संभवत नाही, अशी एक समजूत यामागे असावी. ही समजूत किती अपुरी आहे हे दाखविणारे एक उदाहरण अमेरिकन कृष्णवर्णीय गायक सॅम कुक याच्या ‘अ चेंज इज गॉना कम’ या गीतात सापडते. हे गीत दोन रूपांत प्रसिद्ध झाले. पहिले रूप १९६४ च्या आरंभीच्या महिन्यांत एका दीर्घवादन तबकडीवर आले. दुसरे २२ डिसेंबर १९६४ रोजी सुट्या छोट्या तबकडीवर, म्हणजे ज्यास ‘सिंगल’ म्हणतात त्यावर आले. दुसऱ्या रूपात एक कडवे व त्यामागून येणारे ध्रुवपद गाळलेले आहे. दीर्घ पाठ तीन मिनिटांहून थोडा अधिक आहे. लघु पाठ त्याहून सुमारे अर्ध्या मिनिटाने कमी भरतो.

या अर्ध्या मिनिटाचे महत्त्व कोणते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. गाळलेले कडवे हे गीतातील पाच कडव्यांपैकी एक असल्याने केवळ एक पंचमांश मजकूर कमी झाला, असा हिशेब कोणी मांडील. परंतु गीताची वाक्यरचना, त्यातील क्रियापदे व संबोधने यांचा विचार केला असता असे आढळते की, या एका कडव्याच्या अभावी उरलेल्या चार कडव्यांचाही अर्थ पालटतो. लघु पाठ हा दीर्घ पाठाचा संक्षेप राहत नाही. तो निराळ्या अर्थाचे निराळे गीत होतो.

२

गीताकडे वळण्यापूर्वी गायकाच्या घडणीचा थोडा परामर्श घेतला पाहिजे. सॅम कुकचा जन्म २२ जानेवारी १९३१ रोजी मिसिसिपी राज्यातील क्लार्क्सडेल या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. कुटुंब लवकरच शिकागोस स्थलांतरित झाले, आणि मुलाचे बालपण चर्चमधील गायनात गेले. १९५० साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ‘सोल स्टरर्स’ या विख्यात गॉस्पेल गायकवृंदात त्यास प्रमुख गायकाची जागा मिळाली. पुढील सहा-सात वर्षे तो कृष्णवर्णीय ख्रिस्ती मंडळ्यांचा अत्यंत लाडका गायक होता.

गॉस्पेल या शब्दाचा मूळ अर्थ शुभवर्तमान. या गायनाचा आत्मा ‘साक्ष’ हा आहे. मंडळीतील एखादा बंधू वा भगिनी उभी राहून आपल्यावर आलेल्या संकटांचे कथन करते, ईश्वराने त्यांतून कसे तारले हे सांगते, आणि मंडळी त्या कथनास वारंवार रुकार देते. या साक्षीस ठरीव रचना आहे. आरंभी जन्म वा पूर्वस्थिती, मग दुःखाची परंपरा, मग खचून जाण्याचा क्षण, आणि अखेरीस आधार लाभल्याची घोषणा. वक्ता प्रथमपुरुषी एकवचनात बोलतो, पण त्याचा ‘मी’ साऱ्या मंडळीचा असतो. रुकार देणाऱ्याने तो आपला केलेला असतो.

ही रचना धार्मिक विषयाबाहेर कशी न्यावयाची, हा १९५० नंतरच्या दशकात अनेक गायकांपुढील प्रश्न होता. पुढे जिला ‘सोल’ हे नाव मिळाले ती गायनपद्धती याच प्रश्नाच्या उत्तरांतून जन्मली. कुकने दिलेले पहिले उत्तर फार साधे होते. सोल स्टरर्सचे ‘वंडरफुल’ हे ईश्वरस्तुतीचे गीत घेऊन त्यातील विशेषण बदलले, ईश्वराच्या जागी प्रेयसी आणली, आणि ‘लव्हेबल’ या नावाने ते १९५७ साली प्रसिद्ध केले. तबकडीवर गायकाचे नावही ‘डेल कुक’ असे बदलून छापले होते. या प्रयोगात शब्दाच्या जागी शब्द आला. वाक्य जसेच्या तसे राहिले. भाषाशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर साचा कायम ठेवून एका स्थानावरील पद तेवढे पालटले. त्याच वर्षी ‘यू सेंड मी’ या प्रेमगीताने कुकला अमेरिकाभर कीर्ती मिळवून दिली, आणि गॉस्पेल गायकवृंदाशी असलेला त्याचा संबंध सुटला.

‘अ चेंज इज गॉना कम’ हे याच प्रश्नाचे सात वर्षांनंतरचे उत्तर आहे. येथे एखादे पद पालटलेले नाही. साक्षीची संपूर्ण रचना घेतली आहे, आणि तिच्यातून तारणारा तेवढा काढून घेतला आहे. जन्म आहे, दुःखाची परंपरा आहे, खचण्याचा क्षण आहे, अखेरीस तग धरण्याचे बळ आल्याची घोषणाही आहे. पण ते बळ कोणी दिले हे सांगितलेले नाही.

३

गीताच्या निर्मितीची पार्श्वभूमी सुपरिचित आहे. १९६३ साली बॉब डिलनचे ‘ब्लोइन इन द विंड’ ऐकून कुक प्रभावित झाला होता. वर्णभेदाच्या प्रश्नास हात घालणारे असे गीत एका गोऱ्या तरुणाने लिहावे आणि आपण लिहू नये याची खंत त्यास वाटली, असे त्याच्या निकटवर्तीयांनी नमूद केले आहे. ८ ऑक्टोबर १९६३ रोजी लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट येथे एका हॉटेलात त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना खोली नाकारण्यात आली. त्याने निषेध केला, तेव्हा शांतताभंगाच्या आरोपाखाली त्याला अटक झाली. या घटनेबद्दल श्रीव्हपोर्टच्या महापौरांनी २०१९ साली कुकच्या कुटुंबीयांकडे दिलगिरी व्यक्त केली. गीताचे ध्वनिमुद्रण ३० जानेवारी १९६४ रोजी हॉलिवुड येथे झाले. वाद्ययोजना रने हॉल याची होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. कुकवर प्रत्यक्ष प्रसंग आला तो हॉटेलात. गीतात मात्र हॉटेलाचा उल्लेख नाही. पुढे गाळल्या गेलेल्या त्या तिसऱ्या कडव्यात निवेदक चित्रपटगृहात जातो, गावातील मध्यवर्ती पेठेत जातो, आणि तेथे रेंगाळू नकोस असे कोणीतरी त्यास पुनःपुन्हा बजावते. आत्मचरित्रातील प्रसंग बाजूस सारून कवीने दुसरा प्रसंग का निवडला असावा? हॉटेलात खोली राखून ठेवणे हे दौऱ्यावरील नामवंत कलावंताचे जीवन होय. चित्रपटाला जाणे, पेठेत हिंडणे हे कोणाही सामान्य तरुणाचे जीवन होय. दक्षिणेकडील राज्यांत चित्रपटगृहांतून कृष्णवर्णीयांना एक तर मुळीच प्रवेश नसे, अथवा निराळ्या दाराने वरच्या सज्जात बसावे लागे. टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे १९६० व १९६१ साली विद्यार्थ्यांनी याविरुद्ध एक साधा उपाय योजला होता. ते तिकिटाच्या खिडकीपुढे रांग लावीत, नकार मिळाला की रांगेच्या शेवटी जाऊन पुन्हा उभे राहत. तेव्हा कुकने हॉटेल सोडून चित्रपटगृह घेतले, यात ‘मी’ला साऱ्या मंडळीचा ‘मी’ करण्याची गॉस्पेलची जुनी रीतच दिसून येते.

४

आता गीताच्या भाषेकडे पाहू. कडव्यांतील काळांची योजना मोठी नेमकी आहे. पहिल्या कडव्यात भूतकाळ आहे: नदीकाठी एका लहानशा तंबूत झालेला जन्म, आणि तेव्हापासून नदीप्रमाणेच अविरत चाललेली धाव. दुसऱ्यात वर्तमान स्थिती आहे: जगणे कठीण, पण मरणाचेही भय, कारण आकाशापलीकडे काय आहे याची खात्री नाही. तिसऱ्यात रीतिवर्तमान आहे. चित्रपटगृहाकडे जाणे व परतविले जाणे ही एकदा घडलेली घटना राहत नाही, ती नेहमीची रीत आहे. चौथ्या कडव्यात निवेदक बंधूकडे साहाय्य मागण्यास जातो आणि बंधू त्यास पुन्हा गुडघ्यांवर पाडतो. पाचव्यात, आपला टिकाव लागणार नाही असे पूर्वी वाटत असे, आता मात्र पुढे चालता येईल असे वाटते, ही घोषणा आहे.

या पाचही कडव्यांना जोडणारा धागा गतिवाचक क्रियापदांचा आहे. नदी धावते, निवेदक धावतो, तो चित्रपटगृहाकडे जातो, पेठेत जातो, बंधूकडे जातो. आणि ध्रुवपदात बदल ‘येणार’ असतो. माणसाचे जाणे अडविले जाते, बदलाचे येणे अडविता येत नाही, असा हा ताण आहे. शीर्षकातील ‘गॉना’ हे ‘गोइंग टू’चे बोलीतील संक्षिप्त रूप, म्हणजे भविष्यकाळ दर्शविणाऱ्या या साहाय्यक पदातदेखील मूळ धातू ‘जाणे’ हाच आहे. बोलीत हे मूळ सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. पण ज्या गीतात जाण्याची व येण्याची इतकी क्रियापदे एकत्र आली आहेत त्यात ते पुन्हा जागे झाल्यासारखे वाटते.

मराठी वाचकास या भविष्यरूपाची छटा आपल्या भाषेच्या साहाय्याने चांगली ओळखता येईल. ‘बदल येईल’ हे भाकीत झाले. ‘बदल येवो’ ही प्रार्थना झाली. ‘बदल यावा’ ही इच्छा झाली. ‘बदल येणार आहे’ असे म्हणताच, येण्याची सिद्धता आताच झालेली आहे, वक्त्यास ती दिसते आहे, असा अर्थ होतो. ‘आहे’ या वर्तमानकालीन रूपाने भविष्यास वर्तमानात पाय रोवायला जागा दिलेली असते. कुकचे शीर्षक या शेवटच्या प्रकारचे आहे. त्याच काळी चळवळीचे समूहगीत झालेल्या ‘वी शॅल ओव्हरकम’शी तुलना केली म्हणजे भेद स्पष्ट होतो. तेथे कर्ता ‘आम्ही’ आहे आणि क्रियापद निर्धाराचे आहे. येथे कर्ता ‘बदल’ हा आहे आणि क्रियापद अकर्मक आहे. बदल कोण घडवून आणणार हे वाक्य सांगत नाही. ज्या परंपरेत हे स्थान सदैव ईश्वराचे होते तिच्यात वाढलेल्या गायकाने ते रिकामे ठेवावे, आणि दुसऱ्याच कडव्यात परलोकाविषयी शंका बोलून दाखवावी, ही गोष्ट सामान्य नव्हे.

ध्रुवपदातील आणखी एक विशेष नोंदविला पाहिजे. बदलास फार काळ लागला, हे सांगताना दीर्घत्ववाचक विशेषणाची द्विरुक्ती केली आहे, आणि कुक त्या शब्दातील स्वर अनेक सुरांवरून फिरवीत लांबवितो. अर्थ व उच्चार यांचे असे ऐक्य गॉस्पेल गायनाचे खास लक्षण होय. परंतु गॉस्पेलमध्ये अशा लांबविलेल्या स्वराला मंडळीचा प्रतिसाद येतो. येथे प्रतिसाद देणारा गायकवृंद नाही. त्या जागी तंतुवाद्ये, फ्रेंच हॉर्न व टिंपनी यांचा मेळ आहे. साक्ष देणारा उभा आहे आणि मंडळीची बाके रिकामी आहेत, असा काहीसा परिणाम यामुळे साधतो; आणि तो गीताच्या आशयाशी सुसंगत आहे.

५

आता लघु पाठ पाहू. तिसरे कडवे गाळल्याने प्रथम वाक्यसंबंधात खंड पडतो. बंधूचे कडवे ‘मग’ या अर्थाच्या क्रमवाचक अव्ययाने सुरू होते. दीर्घ पाठात या अव्ययास स्पष्ट आधार आहे: चित्रपटगृहात व पेठेत मज्जाव झाला, मग बंधूकडे गेलो. ‘जाणे’ हे क्रियापदही दोन्ही कडव्यांत समान असल्याने सांधा घट्ट बसतो. लघु पाठात त्या अव्ययाच्या मागे परलोकाविषयीची शंका येते. पारलौकिक शंकेने ग्रासल्यामुळे बंधूकडे गेलो, असा अन्वय तेथे लावावा लागतो. तो लागत नाही असे नाही, पण ओढूनताणून लागतो. छाटलेल्या फांदीची खूण जशी खोडावर राहते तशी ही खूण त्या अव्ययात राहिली आहे.

दुसरा परिणाम याहून महत्त्वाचा आहे. ‘बंधू’ या शब्दाचे येथे निदान तीन अर्थ संभवतात. रक्ताचा भाऊ हा एक. चर्चच्या भाषेत मंडळीतील कोणाही पुरुषास बंधू म्हणतात, तो दुसरा. आणि एकाच देशाचा नागरिक, एकाच ईश्वराचे लेकरू, या नात्याने गोरा मनुष्य हा तिसरा. दीर्घ पाठात पेठेतल्या मज्जावानंतर लगेच हा शब्द येतो. त्यामुळे तिसरा अर्थ पुढे येतो, आणि दुसऱ्याशी त्याचा झगडा सुरू होतो. समान धर्म सांगणारा, समान नागरिकत्व सांगणारा बंधूच खाली पाडतो, आणि पाडतो तेही गुडघ्यांवर, म्हणजे प्रार्थनेच्या स्थितीत. या ओळींतील सारा दाह या अर्थसंबंधात आहे. लघु पाठात मज्जावाचा प्रसंगच नसल्याने तिसरा अर्थ सुचण्यास काही कारण उरत नाही. ‘बंधू’ हा मग सख्खा भाऊ वा मित्र ठरतो, आणि कडवे आप्तांच्या निष्ठुरतेची तक्रार होऊन बसते.

तिसरा परिणाम संपूर्ण गीताच्या विषयावर होतो. पाच कडव्यांपैकी सार्वजनिक स्थळाचा उल्लेख केवळ तिसऱ्यात आहे. नदी, तंबू, आकाश, गुडघे ही सारी चर्चच्या गीतांतून चालत आलेली प्रतिमासृष्टी होय. चित्रपटगृह व पेठ ही मात्र विसाव्या शतकातील अमेरिकन शहरातील आहेत. हे एकच कडवे गीतास काळाशी व स्थळाशी बांधते. त्यातील मज्जाव करणाराही अनिश्चित सर्वनामाने दर्शविला आहे. त्याला नाव नाही, चेहरा नाही. ज्या समाजात मज्जाव करणे हे कोणा एकाचे काम नसून सर्वांची सवय झालेली असते, तेथे व्याकरणातही कर्ता अनिश्चितच असावयाचा. हे कडवे गेले म्हणजे ध्रुवपदातील ‘बदल’ कशाचा, हा प्रश्न मोकळा राहतो. दैव पालटेल, दिवस फिरतील, दुःख सरेल, असा कोणताही अर्थ त्यात भरता येतो.

येथे एक विसंगती नजरेत भरते. परलोकाविषयी शंका बोलून दाखविणारे दुसरे कडवे लघु पाठात कायम आहे. धर्मोपदेशकाच्या मुलाने, गॉस्पेलच्या लाडक्या गायकाने स्वर्गाविषयी साशंक व्हावे, हे नभोवाणीवर चालून गेले. तरुण मनुष्य चित्रपटास गेला व त्यास परतविले, हे मात्र वगळले गेले. काय वगळण्याजोगे वाटते यावरून त्या काळचे सार्वजनिक जीवन कशास भिते याचे अनुमान करता येते.

६

लघु पाठाच्या बाजूने जे सांगता येण्याजोगे आहे त्याचाही विचार केला पाहिजे.

पहिला मुद्दा माध्यमाचा. ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी १९४९ साली निघाली आणि नभोवाणी व नाणे टाकून वाजवावयाची यंत्रे यांच्या गरजांप्रमाणे तिच्यावरील गीते आटोपशीर झाली. नभोवाणीस अडीच मिनिटांचे गीत सोयीचे असे. पण ही सोय होती, अपरिहार्यता नव्हती. १९६५ साली डिलनचे ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ हे सहा मिनिटांहून मोठे गीत अशाच तबकडीच्या एका बाजूवर निघाले. शिवाय छाट कोठे घ्यावयाची याचा निर्णय माध्यम करीत नाही; अर्धा मिनिट कमी करण्यास कोणतेही कडवे चालले असते.

दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. लघु पाठ सार्वत्रिक झाला, कोणाही दुःखिताला तो आपला वाटावा असा झाला, असे म्हणता येईल. याच्या जोडीस कृष्णवर्णीय भक्तिगीतांची परंपराही साक्षीस आणता येईल. गुलामगिरीच्या काळातील गीतांत ‘कनान’ या शब्दाने बायबलातील वचनभूमी सुचविली जाई आणि त्याचबरोबर गुलामगिरी नसलेली उत्तरेची भूमीही, असे फ्रेडरिक डग्लस याने १८५५ च्या आपल्या आत्मचरित्रात नमूद केले आहे. ज्या श्रोत्यांना अशी द्व्यर्थी भाषा पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे त्यांना चित्रपटगृहाचे कडवे नसले तरी नदी, तंबू व गुडघे एवढ्यावरून सारे काही कळते, असा हा युक्तिवाद होईल.

तो खरा आहे. आणि त्यातच त्याचे उत्तरही आहे. जाणत्या श्रोत्याला लघु पाठ पुरतो. न जाणत्याला तो पुरत नाही. ज्याने आयुष्यात कधी मज्जाव अनुभवला नाही, ज्याला नदी म्हणजे केवळ नदी, त्याला लघु पाठात एका गोड गळ्याच्या माणसाचे दुःख व आशा एवढेच ऐकू येते. त्या श्रोत्यासाठीच तिसरे कडवे होते. आणि सुट्या तबकडीचा व नभोवाणीचा विस्तीर्ण श्रोतृवर्ग मुख्यतः त्याच प्रकारचा होता. म्हणजे ज्याला ते कडवे ऐकण्याची गरज होती त्याच्याच प्रतीतून ते काढले गेले. सार्वत्रिकता लाभली ती श्रोत्याच्या एका वर्गास उत्तरदायित्वातून सूट देऊन. पेठेत परतविलेल्या तरुणाचे दुःख सांगूनही गीत सार्वत्रिक होऊ शकते. दीर्घ पाठ तसा झालेलाच आहे.

७

काळाच्या दृष्टीने पाहता लघु पाठाचे प्रकाशन मोठ्या विलक्षण स्थितीत झाले. २ जुलै १९६४ रोजी अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा मंजूर झाला. त्याच्या दुसऱ्या प्रकरणाने हॉटेले, उपाहारगृहे व चित्रपटगृहे यांतील वर्णभेदास बंदी घातली. म्हणजे जानेवारीत जे कडवे ध्वनिमुद्रित झाले होते त्यातील मज्जाव डिसेंबरात बेकायदेशीर ठरलेला होता. कायद्याने जे अन्याय्य ठरविले त्याचा उच्चार करण्यासही गीतात जागा राहिली नाही. ११ डिसेंबर १९६४ रोजी लॉस एंजलिस येथे गोळी लागून कुकचा अंत झाला; त्याचे वय ३३ होते. त्यानंतर अकरा दिवसांनी ही तबकडी निघाली. तिच्या मुख्य बाजूवर ‘शेक’ हे नाचाचे गीत होते, दुसऱ्या बाजूवर हे. १९६५ साली बिलबोर्डच्या यादीत ‘शेक’ सातव्या क्रमांकापर्यंत पोहोचले, हे एकतिसाव्यापर्यंत. रिदम अँड ब्लूजच्या यादीत मात्र हे नवव्या क्रमांकावर होते. नव्या सिंगलची दुसरी बाजू म्हणून जे आले ते श्रोत्यांच्या दृष्टीने मृत्यूनंतरचे शब्द ठरले. मरणाचे भय व परलोकाची शंका बोलणारे कडवे अशा वेळी किती निराळे वाटले असेल हे सांगणे नको. लघु पाठाचे वैयक्तिक शोकगीतात रूपांतर होण्यास ही परिस्थितीही कारण झाली.

याशिवाय आणखी एक पाठ होता. ७ फेब्रुवारी १९६४ रोजी कुकने जॉनी कार्सनच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात हे गीत गाइले होते. त्याचे चित्रमुद्रण जतन झाले नाही. दीर्घ, लघु व लुप्त असे तीन पाठ मानल्यास पहिल्या दोहोंचीच तुलना आज शक्य आहे.

पुढील इतिहासात दीर्घ पाठाने आपले स्थान परत मिळविले. १९६५ साली ओटिस रेडिंग याने व १९६७ साली अरीथा फ्रँकलिन हिने हे गीत आपापल्या परीने गाऊन त्याची परंपरा सुरू केली. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २००७ साली राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत त्याचा समावेश केल्याचे जाहीर केले. १८ जानेवारी २००९ रोजी, बराक ओबामा यांच्या शपथविधीच्या दोन दिवस आधी, वॉशिंग्टनमधील लिंकन स्मारकापुढे बेटी लाव्हेट व जॉन बॉन जोव्ही यांनी ते एकत्र गाइले. आज हे गीत सामान्यतः दीर्घ रूपात ऐकावयास मिळते. त्यामुळे एके काळी ते कापून वाजविले जात होते याचाच विसर पडण्याचा संभव आहे.

८

या विवेचनातून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. कुकच्या या गीतात गॉस्पेलमधील साक्षीची रचना शब्दांच्या अदलाबदलीने न घेता तिच्या वाक्यबंधासह घेतली आहे. तारणाऱ्याचे स्थान रिकामे ठेवून ‘येणे’ या अकर्मक क्रियापदावर आशेचा भार टाकला आहे. तिसरे कडवे हे या रचनेचा सांधा आहे. ‘मग’ या अव्ययास, ‘बंधू’ या नामास व ‘बदल’ या कर्त्यास अर्थ देण्याचे कार्य ते करते. म्हणून लघु पाठास केवळ संक्षेप म्हणता येत नाही.

तथापि लघु पाठ टाकाऊ समजून दृष्टिआड करणे हेही संशोधनाच्या दृष्टीने योग्य होणार नाही. गीताचा आशय काय हे दीर्घ पाठ सांगतो. तो आशय १९६४ च्या डिसेंबरात किती प्रमाणात उच्चारता येत होता, हे लघु पाठ सांगतो. पहिला वाङ्मयाचा पुरावा आहे, दुसरा समाजाचा. सोल संगीताविषयी लिहिणाऱ्यांनी, संग्रह करणाऱ्यांनी व वर्गात हे गीत शिकविणाऱ्यांनी आपल्यापुढील पाठ कोणता याची नोंद प्रत्येक वेळी केली पाहिजे. अशी नोंद न करता या गीतास केवळ मानवी आशेचे गीत म्हणून गौरविले, तर डिसेंबर १९६४ मध्ये जी छाट घेतली गेली तीच, तितक्याच नकळत, पुन्हा घेतल्यासारखे होईल.